गांधार थोडा खाली

आवाजाच्या चाचणीला गेले तेव्हा पियानोवर बसलेल्या बाईंनी विचारलं, "कुठल्या पट्टीत गाणार?" मी सवयीनं म्हणाले, "काळी चार." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग मी उठून पियानोपाशी गेले आणि पेटीवर दाखवावी तशी चौथी काळी पट्टी दाबली. "अच्छा, जी शार्प!" त्या म्हणाल्या. आम्हा दोघींची ही पहिली ओळख.

हौशी ऑपेरा मंडळी होती. पत्रकात लिहिलं होतं, 'गाणारे हवेत, आणि न गाणारेही हवेत.' मला ते दुसरं वाक्य जास्त आवडलं होतं. अर्जात चौकटी होत्या: गाता येतं का, शिवता येतं का, सुतारकाम, रंगकाम, गाडी आहे का, जिना चढायला काही त्रास आहे का. मी गाण्यावर खूण केली आणि हात मोकळाच होता म्हणून 'पडद्यामागे मदत' यावरही केली. त्या दुसऱ्या खुणेचं पुढे काय होणार होतं याची तेव्हा कल्पना नव्हती.

पाश्चात्त्य पद्धतीचं एकही गाणं येत नव्हतं, म्हणून भूपातली छोटी बंदिश म्हटली. तिन्ही परीक्षक शांतपणे ऐकत होते. मग पियानोवर खालून वर, वरून खाली आवाज तपासला. तेही जमलं. मग बाईंनी दोन स्वर एकदम वाजवले आणि म्हणाल्या, "यातला खालचा गाऊन दाखवा." आणि मी अडले. वर्षानुवर्षं तंबोऱ्यासमोर बसलेली मी, एका दमात तान घेणारी, मला त्या दोन स्वरांतला खालचा गळ्यात पकडता येईना. वरचा लख्ख ऐकू येत होता. खालचा तिथे आहे हे कळत होतं, पण भिंतीपलीकडे कुणीतरी वावरतंय हे कळावं तसं.

त्यांनी मला घेतलं. आल्टोत. म्हणजे बायकांच्या आवाजांतल्या खालच्या ओळीत, जिथे हेच काम असतं.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "एवढी वर्षं शिकलीस ती घोळक्यात गायला?" आईचं गाण्याचं जग संगीत नाटकाचं. तिथे पद ज्याचं त्याचं असतं. नट पुढे येतो, पेटी आणि तबला त्याच्या मागून चालतात, रंगलं तर वन्समोअर घेतो आणि त्याला वाटेल तितका वेळ ती ओळ फिरवत राहतो. बाकीची पात्रं तेवढा वेळ खांबासारखी उभी असतात, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मीही त्याच संस्कारातली. गाणं म्हणजे माझा षड्ज, माझी पट्टी, माझी जागा. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं.

पहिल्या तालमीत आमच्या हातात स्वरलिपीची पुस्तकं आली. ऑर्केस्ट्राचं सगळं वादन पियानोच्या दोन ओळींत बसवलेलं आणि वर गायकांच्या चार ओळी: बायकांच्या सोप्रानो आणि आल्टो, पुरुषांच्या टेनर आणि बास. मला ती पाच रेघांची लिपी वाचता यायची ती बेताचीच, शाळेत बाराखडी गिरवताना वाचावी तशी. म्हणून मी प्रत्येक स्वराखाली पेन्सिलीनं देवनागरीत सा रे ग म लिहून काढलं. शेजारी एक सत्तरीतली आल्टो बसायची. पंचवीसएक वर्षं या मंडळीत होती. तिनं वाकून पाहिलं आणि विचारलं, "हा काय मंत्र?" मी समजावलं. तिनं मान डोलावली. पुढच्या पानावर संगीतानं पट्टी बदलली, माझा 'सा' पायाखालून सरकला आणि माझा सगळा मंत्र चुकीचा ठरला. ती म्हणाली, "अगं, तुझा सा चालतो वाटतं." चालतोच तर. पश्चिमेच्या संगीतात सा एका जागी बसत नाही. दोन पानांत तीन घरं बदलतो. आपल्याकडे तंबोरा सुरू झाला की तासाभराची निश्चिंती.

आणि आल्टोची ओळ! चाळीस मिनिटं आम्ही फक्त आमची ओळ घोटत होतो. तिच्यात मोजून चार स्वर होते. त्यातलाही एक स्वर सतत, बाकीचे तीन अधूनमधून तोंड दाखवायला. वर नाही, खाली नाही, चाल म्हणावी असं काहीच नाही. घरी येऊन भांडी घासताना गुणगुणायला गेले तर गुणगुणताच येईना. नुसती ओळ म्हटली तर ती कशाचीच नव्हती. एखाद्या शब्दकोड्यातली फक्त उभी अक्षरं कुणी वाचून दाखवावीत तसं. मनात म्हटलं, आईचं बरोबर आहे.

दुसऱ्या आठवड्यात चारही ओळी एकत्र म्हटल्या. कंडक्टर बाईंनी हात वर केला, खाली आणला, आणि माझा तो बथ्थड, एकाच जागी बसलेला स्वर अचानक कसला तरी भाग झाला. मी तोच स्वर धरून होते. माझ्याखाली बास हलला, आणि माझा स्वर हललाच नसताना त्याचा रंग बदलला. आधी तो पंचम होता, मग गांधार झाला, मग काहीतरी असा झाला ज्याला माझ्याकडे नाव नव्हतं. मी एवढी दचकले की पुढची ओळ गायचीच राहिली.

आम्ही करत होतो ते पर्सेल या इंग्रज संगीतकाराचं 'डायडो अँड ईनियस', राणी डायडो आणि तिला सोडून जाणारा वीर ईनियस यांची गोष्ट. हौशी मंडळींचं हे आवडतं ऑपेरा, आणि कारणं व्यवहारी आहेत: जेमतेम तासाभराचं आहे, तंतुवाद्यं आणि हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य, एवढ्यात भागतं, आणि समूहाला भरपूर काम आहे. समूह कधी दरबारी असतो, कधी चेटकिणी, कधी खलाशी. शिवाय त्याच्या पहिल्यावहिल्या प्रयोगांपैकी ज्याची लेखी नोंद सापडते तो १६८० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या चेल्सी भागात झाला, जोसायस प्रीस्ट नावाच्या नृत्यशिक्षकाच्या मुलींच्या शाळेत. आज जगातले बडे गायक ज्या राणीचा विलाप गातात, त्या राणीचं काम तेव्हा शाळेच्या कार्यक्रमात झालं. हे कळल्यावर मला जरा धीर आला.

मुळात ऑपेरा हे प्रकरणच घरच्या बैठकीतून निघालेलं. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्लॉरेन्समध्ये काउंट बार्दी यांच्याकडे काही विद्वान, कवी आणि संगीतकार जमायचे आणि प्राचीन ग्रीक नाटकं कशी गायली जात असतील यावर वाद घालायचे. त्यात व्हिन्सेंझो गॅलिली होते, ल्यूट नावाचं तंतुवाद्य वाजवणारे, ज्यांच्या मुलानं पुढे दुर्बीण आकाशाकडे वळवली. त्या गप्पांतून आणि त्यांच्या आसपासच्या प्रयोगांतून हा प्रकार उभा राहिला. तिकीट काढून कुणालाही ऑपेरा पाहता येईल असं थिएटर व्हेनिसला उघडलं ते १६३७ मध्ये. अलीकडचं उदाहरण हवं तर बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकारानं १९५८ मध्ये ऑरफर्डच्या चर्चमध्ये नोआच्या नौकेवरचं ऑपेरा केलं, त्यात मुलं आणि हौशी वादक मुद्दाम धरून लिहिले. व्हायोलिनचा एक भाग असा की नवशिक्यांना मोकळ्या तारांवरच वाजवता यावा. आणि पावसाचे पहिले थेंब म्हणजे दोरीला ओळीनं टांगलेले चहाचे मग, लाकडी चमच्यानं वाजवलेले. मला ही गोष्ट फार आवडते. मोठ्या माणसानं हौशी लोकांसाठी सोपं करून लिहिलं की बहुतेक वेळा ते पचपचीत होतं. इथे झालेलं नाही.

आता थोडं वाईटही सांगते, नाहीतर हे मंडळीचं माहितीपत्रक होईल. हौशी ऑपेरा पुष्कळदा चांगलं नसतं. आमची दुसरी व्हायोलिनं काही ठिकाणी अशी वाजायची की मांजराला जिन्यात गाठल्यासारखं वाटे. एकलगायनाच्या भूमिका कुणाला मिळाल्या यावरून दोन बायका एका तालमीत एकमेकींच्या डोक्यावरून भिंतीकडे पाहत गात होत्या. आणि टेनर! टेनर कुठल्याच हौशी समूहात पुरेसे नसतात. बायकांची चाचणी घेतात. टेनरला फक्त विचारतात, "येणार ना?" आमच्याकडे तीन होते. त्यातला एक दर दुसऱ्या आठवड्याला प्रवासात असे, आणि तो आला की टाळ्या पडत.

चुका माझ्याही होत्याच. कंडक्टर बाई पहिले दोन महिने मला एकच गोष्ट सांगत होत्या: "स्वरावर घसरत येऊ नका. थेट उतरा." माझी मींड. मला ती कळायचीसुद्धा नाही, श्वास घ्यावा तशी यायची. आपल्याकडे स्वर जोडून घेतला नाही तर गाणं कोरडं म्हणतात. इथे चाळीस जणांत एकीनंही मींड घेतली तर सगळ्यांचा स्वर मळतो. मी ओळीच्या शेवटी एक छोटी मुरकीसुद्धा घेत होते म्हणे. शेजारणीनं कोपरानं ढोसलं तेव्हा कळलं. "छान होती," ती म्हणाली, "पण आपली नव्हती."

आणि मग गांधाराचा घोळ. पियानोबरोबर तालीम असे तेव्हा मला वारंवार ऐकवलं जायचं की मी किंचित खाली गाते. मला तर तो स्वर अगदी जागेवर वाटायचा. घरी येऊन तंबोरा ॲप लावलं, म्हटलं, बघू कोण खोटं बोलतंय. कुणीच नव्हतं. पियानोच्या सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर त्याचा शुद्ध गांधार बरोबर ४०० वर बसतो. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार असतो ३८६ च्या आसपास. फरक १४ सेंटचा, अर्ध्या स्वराचा साधारण सातवा हिस्सा. ऐकायला कमी वाटतो, पण ज्याचा कान त्या तारेवर वाढला त्याला पियानोचा गांधार कायम चढा लागतो, नव्या चपलेसारखा. मी निमूटपणे पियानोचा गांधार शिकले. दोन महिने घासून कान वळवला.

मग ऑर्केस्ट्रा आला. तंतुवाद्यं आणि गायक पहिल्यांदा एकत्र बसतात, हालचाली नाहीत, कपडे नाहीत, फक्त बसून गायचं, त्या तालमीला जर्मन शब्द आहे, सिट्झप्रोब. महिनोन्‌महिने पियानोच्या ठोकळ्यांवर गायल्यावर खऱ्या तारा ऐकू येतात तेव्हा जे होतं त्याला मी शब्द शोधायच्या फंदात पडत नाही. शेजारच्या आल्टोनं तिसऱ्या मिनिटाला रुमाल काढला, तिची ही कितवी तालीम असेल कोण जाणे.

एका कॉर्डवर, म्हणजे एकदम गायल्या जाणाऱ्या स्वरांच्या जुडीवर, कंडक्टर बाई थांबल्या. पुन्हा. पुन्हा थांबल्या. काहीतरी खुपत होतं. मग आमच्याकडे वळल्या. "आल्टो, कॉर्डचा तिसरा स्वर तुमच्याकडे आहे. आता पियानो नाही. तो थोडा खाली आणा." तिसरा स्वर म्हणजे सा रे ग. गांधार. मला हसूच आलं. आल्टोच्या रांगेत सगळ्या गोंधळल्या, खाली म्हणजे किती, बेसूर नाही का होणार. मी मात्र जिथे राहत होते तिथे परत गेले. डोळे मिटले, मनात तंबोरा लावला आणि तो स्वर घेतला. शेजारणीनं कान लावून माझ्याशी जुळवला, तिच्याशी पलीकडचीनं. आणि ती कॉर्ड बसली. बसली म्हणजे खरोखर, दाराचा खटका बसावा तशी. खोलीत कुणी गात नसलेला एक स्वर वरून ऐकू यायला लागला. तंबोऱ्यात ऐकू येतो ना, तसाच.

हार्पसिकॉर्डवाल्यानं त्याचं वाद्यही जुन्या पद्धतीनं लावलं होतं, ज्यात जवळच्या पट्ट्यांमधले गांधार स्वयंभू गांधाराच्या बरेच जवळ येतात आणि दूरच्या पट्ट्या त्याची भरपाई करत कुरकुरतात. तालमीआधी अर्धा तास तो किल्ली घेऊन एकटाच तारा पिळत बसायचा. मी त्या दिवसापासून अर्धा तास आधी जायला लागले. आम्ही फारसं बोलायचो नाही. तंबोरा लावणाऱ्याशीही कुणी बोलत नाही.

यानंतर दिग्दर्शकानं आम्हाला उभं केलं. उभं राहून गाणं वेगळं आणि चालत, वळत, कुणाच्या तरी मागून घाबरून पळत गाणं वेगळं. आमच्यातल्या निम्म्या जणींचे पाय आणि गळा एका वेळी चालेनात. कुरकुर झाली. दिग्दर्शक म्हणाला, कुरकुर जुनी आहे. १८७५ मध्ये पॅरिसला 'कार्मेन' या ऑपेराच्या तालमींमध्ये समूहातल्या बायकांनी असंच बंड केलं होतं. त्यांना रांगेत उभं राहून गायची सवय, आणि संगीतकार बिझेला त्या एकेकट्या, सिगरेटी ओढत, भांडत यायला हव्या होत्या. ते ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "त्यांना निदान सिगरेटी तरी मिळाल्या."

दुसऱ्या अंकात चेटकिणी गुहेत कारस्थान शिजवतात. तिथे समूहगान असं रचलंय की प्रत्येक तुकड्याची शेपटी दुरून परत येते. प्रतिध्वनी. तो प्रतिध्वनी कुणीतरी गावा लागतो. प्रत्येक आवाजातले दोघं असे आठ जण निवडले, आणि आमची रवानगी विंगेच्या पार मागच्या कोपऱ्यात झाली. माझ्या अर्जातल्या त्या दुसऱ्या खुणेची आठवण स्टेज मॅनेजरला तेव्हाच आली. "तुम्ही नाहीतरी मागेच आहात," तो म्हणाला, "तर प्रॉपर्टीचं टेबल बघाल का?"

संस्कृत नाटकांत 'नेपथ्ये' अशी सूचना असते: पडद्याआडून आवाज येतो. नेपथ्य म्हणजे तेव्हा ती आडची जागा, नटांच्या वेषभूषेची. मराठीत येता येता त्या शब्दानं घर बदललं आणि तो पुढे येऊन सेट होऊन बसला. आमच्या आठ जणांपुरता तो परत मागे गेला.

प्रॉपर्टीच्या टेबलावर पांढरा कागद चिकटवलेला असतो. त्यावर प्रत्येक वस्तूच्या आकाराची चौकट आखून आत नाव लिहिलेलं. प्याला इथे, चेटकिणीची काठी इथे, खलाशाची बाटली इथे. रिकामी चौकट दिसली की वस्तू स्टेजवर आहे किंवा हरवली आहे, आणि यातलं काय ते तुम्हाला माहीत असायला हवं. ज्याची वस्तू त्यानंच उचलायची आणि त्यानंच परत ठेवायची. दुसऱ्याच्या वस्तूला गंमत म्हणूनही हात लावायचा नाही. एका राजकवचधारी बासानं खलाशाची बाटली उचलून प्यायचा अभिनय केला तेव्हा मी त्याला जे बोलले ते माझं मलाच नवीन होतं. कपडे काळे, बूट रबरी तळव्यांचे. विंगेत फक्त निळा दिवा. पायऱ्यांच्या कडांना अंधारात चमकणारी चिकटपट्टी. शीळ घालायची नाही: पूर्वी पडद्यांचे दोर खलाशी ओढायचे आणि शिट्ट्यांनी एकमेकांना खुणा करायचे, तेव्हा भलत्या शिट्टीनं डोक्यावर पडदा यायचा, असं सांगतात. खरं असो नसो, मी घातली नाही.

स्टेज मॅनेजर तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा. त्याच्यापुढेही आमचंच पुस्तक, पण स्वरांवर रंगीत पेन्सिलीनं दिव्यांचे, पडद्यांचे, एन्ट्रीचे आकडे. कानाला हेडफोन. "दिवे बारा, तयार." मग तो स्वरलिपीवर बोट फिरवत ओळ वाचत जायचा, आणि नेमक्या मात्रेवर म्हणायचा, "गो." हा शब्द तो हेडफोनवर इतर कुठल्याही कारणानं उच्चारत नसे, कारण तो ऐकला की कुणीतरी काहीतरी करतंच. मी त्याला विचारलं, तू गात का नाहीस. म्हणाला, "मला गाता येत नाही. पण वाचता येतं." त्या सबंध इमारतीत पर्सेलची प्रत्येक मात्रा ज्याला माहीत होती अशी दोनच माणसं होती, एक कंडक्टर आणि एक तो.

आमचा प्रतिध्वनी मात्र बिघडला. आम्ही ऑर्केस्ट्रा ऐकून गायचो आणि प्रत्येक वेळी उशिरा. आधी वाटलं आम्ही ढिले आहोत. मग हार्पसिकॉर्डवाल्यानं हिशेब मांडला. आम्ही उभे होतो तो कोपरा वाद्यांपासून सतरा मीटर. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. म्हणजे वाद्यांचा आवाज आमच्यापर्यंत यायला सेकंदाचा विसावा भाग, आणि आमचा परत जायला तेवढाच. दोन्ही मिळून एक दशांश सेकंद. बोलण्यात हे चालून जातं. जलद लयीत तबलजीनं इतका उशीर केला तर गवई वळून बघतो. उपाय ठरलेला आहे: ऐकून गायचं नाही, बघून गायचं. कंडक्टरचा हात पडद्यावर पाहायचा आणि कान खोटं बोलताहेत असं धरून चालायचं. कुणीतरी एक छोटा डिजिटल कॅमेरा आणि स्क्रीन जोडून दिला, आणि उशीर दुप्पट झाला, कारण तो स्क्रीन स्वतःच चित्र दाखवायला वेळ घेत होता. शेवटी सहायक कंडक्टरला विंगेच्या तोंडाशी उभं केलं. त्याला बाई दिसत होत्या, आम्हाला तो. हातात निळी कांडी. तीस पैकी पंचवीस वेळा जमायला लागलं.

गाणाऱ्या माणसाला 'ऐकू नका' सांगणं केवढं क्रूर आहे! पहिल्या प्रयोगाला मी कांडीवर डोळे रोखून, स्वतःच्या कानांना न जुमानता गायले. जे कानावर येत होतं त्याच्या पुढे, ज्याचा पुरावा माझ्याकडे नव्हता अशा मात्रेवर. आत सगळं विस्कटलेलं ऐकू येई. बाहेर बसलेल्यांना मात्र गुहा ऐकू आली. मला हे मध्यंतरात सांगितलं गेलं. मी स्वतः ती गुहा कधीच ऐकलेली नाही.

प्रतिध्वनी संपला की मला पळावं लागे, कारण पुढच्या प्रसंगात ईनियस शिकार करून येतो आणि भाल्याच्या टोकावर राक्षसी जनावराचं मुंडकं मिरवतो. मुंडकं रानडुकराचं, कागदाच्या लगद्याचं, दोन सुळे आणि एक डोळा. दुसरा डोळा रंगीत तालमीत पडला होता, म्हणून ती बाजू प्रेक्षकांच्या उलट दिशेला ठेवायची. हे सांभाळणं माझं काम. दुसऱ्या प्रयोगाला ईनियसनं भाला घाईत उलटा घेतला, आणि आंधळं डुक्कर सगळ्या सभागृहाकडे पाहत राहिलं. कुणी हसलं नाही. शोकांतिका आहे असं तिकिटावर लिहिलेलं होतं ना.

डायडो राणी दिवसा दातांची डॉक्टर. तिच्या गळ्याला माइक नव्हता, ऑपेरात नसतोच. शिकवलेला आवाज साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास एक धार कमावतो. ऑर्केस्ट्राचा जोर त्याच्या बराच खाली, ५०० च्या आसपास असतो, म्हणून एक गळा इतक्या वाद्यांमधून आरपार जातो. आई म्हणते, संगीत नाटकांनाही पूर्वी माइक नव्हते आणि शेवटच्या बाकापर्यंत पद जायचं. कशानं जायचं हे तिला विचारलं तर म्हणाली, "तालमीनं." दोन्ही उत्तरं बरोबर असावीत.

डायडोचा शेवटचा विलाप आम्ही विंगेतून ऐकायचो. खाली पाच मापांचं, म्हणजे तालाच्या पाच घरांचं, खर्जाचं एकच आवर्तन, पुन्हा पुन्हा. सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प, आणि परत सा. दोन्ही निषाद आणि दोन्ही धैवत असे लागोपाठ उतरले असते तर माझ्या गुरुजींनी कान पिळला असता. पण मला ते ऐकून घरी आल्यासारखं झालं, कारण वर राणी त्या आवर्तनाशी अगदी आपल्यासारखी खेळत होती. आवर्तन संपलं तरी तिचं वाक्य संपत नाही, ती सम ओलांडून पुढे जाते, ठेका तिच्याखालून निमूट फिरत राहतो. तिसऱ्या प्रयोगाला मी अंधारात मांडीवर बोटांनी आवर्तनं धरत होते. स्टेज मॅनेजरनं पाहिलं आणि हेडफोनचा माइक हातानं झाकून कुजबुजला, "तुम्हीपण मोजता?"

प्रयोगाचं चित्रीकरण आईला पाठवलं. तिनं सगळं पाहिलं. "तू कुठे होतीस? शेवटी मागच्या रांगेत दिसलीस फक्त."

"मधे मी प्रतिध्वनी होते."

पलीकडे थोडा वेळ शांतता. "तो मशीनचा नव्हता?"

यापेक्षा मोठा वन्समोअर मला कधी मिळालेला नाही, पण तिला तसं सांगितलं नाही.

शेवटच्या प्रयोगानंतर सेट उतरवायचा असतो. हौशी मंडळीत राजा, राणी, चेटकीण सगळे जीन्स चढवून परत येतात, डोळ्यांत अजून काजळ. सभागृह रात्री अकराला सोडायचं होतं. शेवटच्या समूहगानात राणीच्या थडग्यावर गुलाब उधळायला सांगितलंय, म्हणून आम्ही कापडाच्या पाकळ्या कापल्या होत्या. त्या आता लेव्हलच्या फटींत, तारांखाली, सगळीकडे होत्या. मी आणि शेजारची आल्टो केरसुणी घेऊन त्या गोळा करत होतो. पाकळ्या ठेवायच्या असतात, पुढच्या राणीला लागतात.

डायडो आमच्याशेजारी गुडघ्यावर बसून सेटच्या फ्लॅटचे स्क्रू काढत होती, दाताच्या डॉक्टरच्या सफाईनं, एकही न घरंगळू देता. काढता काढता गुणगुणत होती. माझी केरसुणी थांबली. ती स्वतःचा विलाप गुणगुणत नव्हती. शेवटच्या समूहगानातली आमची ओळ होती ती, आल्टोची. हे गाणं सुरू असताना ती रोज मेलेली असायची, डोळे मिटून, आणि आमची रांग बरोबर तिच्या डोक्याशी उभी असायची.

तिसऱ्या मापात ती चुकली. वर गेली, सोप्रानोसारखी.

"तिथे खालीच राहायचं," मी आणि शेजारीण एकदम म्हणालो. तिनं स्क्रू तोंडातून काढला आणि म्हणाली, "परत सांगा."